पैसे भरून परदेशात बालनाट्य शिबिर: पॅकेजात काय मिळतं आणि काय आपल्यालाच न्यावं लागतं

परदेशातल्या वंचित मुलांसाठी नाट्यशिबिर घ्यायला जायचं, राहण्या-जेवण्याची सोय संस्था करणार, पण पैसे आपणच भरायचे. अशी पॅकेजं आता कोल्हापुरातल्या नाटकवाल्या पोरांच्या मोबाइलवरही येऊन आदळायला लागली आहेत. नेपाळ, श्रीलंका, केनिया, घाना, टांझानिया ही त्यातली नेहमीची नावं. मुदत दोन आठवड्यांपासून बारा आठवड्यांपर्यंत. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या सेवेचंच आहे. माहितीपत्रकांवरचे फोटो बदलले तरी आतला माल बराचसा सारखाच असतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. दोन आठवड्यांचं पॅकेज घेऊ नये. चार आठवड्यांचं, शाळेशी जोडलेलं आणि स्थानिक शिक्षक सोबत देणारं असेल तर जरूर घ्यावं. त्याला आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. बारा आठवड्यांचं फक्त अशांनी घ्यावं, ज्यांना मुलांपेक्षा तिथल्या शिक्षकांना तयार करायचं आहे. आणि ज्यात काम अनाथाश्रमात आहे, ते फुकट मिळालं तरी नको.

शुल्क बहुतेक ठिकाणी डॉलरमध्ये आणि आठवड्यांच्या हिशेबानं सांगतात. पहिला आठवडा सगळ्यात महाग, कारण नोंदणी, विमानतळावरून ने-आण आणि पहिल्या दिवसाची माहिती-बैठक त्यातच घातलेली असते. पुढचे आठवडे त्यामानानं स्वस्त पडतात, त्यामुळे दोनाचे चार आठवडे केले तरी खर्च दुप्पट होत नाही. या पैशात मिळतं ते असं: विमानतळावर नावाची पाटी घेऊन उभा असलेला माणूस, कुणाच्या तरी घरी किंवा स्वयंसेवकांच्या वसतिगृहात एक खाट, दोन-तीन वेळचं जेवण आणि अडचण आली तर फोन उचलणारा समन्वयक. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, लसी आणि साहित्य हे सगळं वेगळं. ही यादी कुणी लपवत नाही. पत्रकात नीट वाचलं तर दिसतेच.

दिसत नाही ते असं, की खुद्द शिबिरही पॅकेजात नसतं. ठरलेला गट, ठरलेली वेळ, डोक्यावर छप्पर, दुभाषा, गेल्या वेळच्या स्वयंसेवकानं काय केलं त्याची नोंद, यातल्या एकाचीही हमी पत्रकात सापडत नाही. ‘ड्रामा वर्कशॉप’ या दोन शब्दांचा प्रत्यक्षातला अर्थ कित्येकदा एवढाच निघतो, की ज्या वर्गाचे सर आज आले नाहीत त्या वर्गात जाऊन उभं राहा. म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर सहा गोष्टी लेखी विचाराव्यात. गटात मुलं किती, कुठल्या वयाची, आणि रोज तीच येणार का? वर्गात आपल्यासोबत मोठं माणूस कोण असेल? जागा कुठली, छप्पर कशाचं? रोज किती मिनिटं, आणि ती शाळेच्या वेळेत की नंतर? आधीच्या स्वयंसेवकाची वही आहे का? आपण गेल्यावर हे काम कोण पुढे नेणार? सहापैकी चारांची सरळ उत्तरं आली तर पुढे बोलावं. ‘तिथे पोचल्यावर सगळं कळेल’ असं उत्तर आलं, तर तिथे काही ठरलेलं नाही असं खुशाल समजावं. सातवा प्रश्न थोडा अवघड जागेचा आहे, पण विचारायचाच: आपल्या शुल्कातला किती भाग शाळेपर्यंत पोचतो?

तुलनेसाठी एक माहीत असलेलं बरं. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, किंवा १९५८ पासून चालत आलेली ब्रिटनची व्हीएसओ यांच्याकडे उलटा कारभार असतो. ते माणूस निवडतात आणि निवडलेल्याला निर्वाह भत्ता देतात. अर्थात तिथे अनुभव मागतात आणि ‘मुलांचं नाटक बसवतो’ एवढ्यावर जागा मिळत नाही. पैसे भरून जाण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र निवड झाली म्हणून नव्हे, पैसे भरले म्हणून आपण तिथे आहोत, याचं भान ठेवावं.

आता अनाथाश्रमाबद्दल. कंबोडियातल्या अनाथाश्रमांची पाहणी झाली तेव्हा तिथल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं दिसलं. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर मुलं गावाकडून उचलून आश्रमात भरली जाण्याच्या धोक्याबद्दल युनिसेफनं उघड इशारा दिला होता. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या पर्यटकी स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. म्हणजे हा कुणा एकट्या-दुकट्याचा संशय नाही. पाहुणे येतात म्हणून मुलं ठेवली जातात, आणि मुलं दिसली की पाहुणे येतात. या चक्रात नाटकवाला तर सगळ्यात सोयीचा माणूस: देणगीदारांसमोर करायचा कार्यक्रम तो पदरचे पैसे घालून बसवून देतो. दर पंधरवड्याला नवा दादा, नवी ताई, जीव लागला की निघून गेले, हे मुलांच्या वाट्याला येतं ते वेगळंच. पत्रकात ‘ऑर्फनेज’ किंवा ‘चिल्ड्रन्स होम’ असे शब्द असतील तर पुढचं पान उलटायची गरज नाही. सरकारी किंवा वस्तीतली दिवसाची शाळा, ग्रंथालय, शाळेनंतरचं केंद्र, जिथून मुलं संध्याकाळी आपल्या घरी जातात, अशीच जागा निवडावी.

दोन आठवडे का नकोत, याचा हिशेब कागदावर मांडला की वाद उरत नाही. दोन आठवडे म्हणजे कामाचे दहा दिवस. पहिला दिवस ओळखीत आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत जातो. दुसरा गट जमवण्यात. उरलेल्या आठांपैकी एक तरी सणाचा, परीक्षेचा किंवा पावसाचा. राहिले सात. रोज नव्वद मिनिटं धरली तर साडेदहा तास. पंचवीस मुलांच्या गटातून, दुभाष्याच्या आधारानं, मुलांनीच रचलेला दहा मिनिटांचा प्रयोग उभा करायला आमच्या अंदाजानं सोळा ते अठरा तास लागतात. मग होतं काय? चौथ्या दिवशी शिबिर घेणारा घाबरतो, रात्री बसून संवाद लिहितो, सकाळी वाटतो आणि उरलेले दिवस पाठांतर चालतं. शेवटच्या दिवशी टाळ्या पडतात, फोटो निघतात, आणि मुलांनी केलं काय, तर अनोळखी माणसाची वाक्यं न समजता म्हटली. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनात हेच होतं. त्यासाठी परदेशी जायला नको.

चार आठवड्यांत वीस दिवस मिळतात. पाच वाया गेले असं धरलं तरी साडेबावीस तास हातात राहतात. पहिला आठवडा नुसते खेळ. दुसऱ्यात शरीर, पुतळे (अंगानं घेतलेली स्थिर मुद्रा), समूहचित्रं (गटानं मिळून उभं केलेलं स्थिर दृश्य). तिसऱ्यात गोष्ट शोधणं, चौथ्यात ती जोडणं. शेवटी ‘प्रयोग’ हा शब्दच वापरू नये. ‘उघडी तालीम’ म्हणावं, पालकांना बोलवावं, बारा मिनिटांच्या वर नेऊ नये आणि मध्येच थांबवून ‘आता हेच दुसऱ्या तऱ्हेनं करून दाखवा’ असं मुलांना सांगावं. बघणाऱ्यांना त्यातच मजा येते आणि चुकण्याची भीतीही राहत नाही.

एका सत्राची नव्वद मिनिटं अशी वाटलेली बरी: दहा मिनिटं जमायला, पंधरा मिनिटं अंग मोकळं करायला, वीस मिनिटं त्या दिवसाचं एक कौशल्य, तीस मिनिटं पाच-पाचच्या गटांत काम, दहा मिनिटं एकमेकांना दाखवायला, शेवटची पाच मिनिटं गोलात बसून निरोप. पाच गट, प्रत्येकी दोन मिनिटं, त्यात कोणाचं जास्त चाललं तर ताल वाजवून थांबवायचं. दाखवण्याचा भाग कधीही कापू नये. वेळ कमी पडला तर कौशल्याचा भाग कापावा. मुलं दुसऱ्या दिवशी येतात ती दाखवायला मिळतं म्हणून.

गटाबद्दल पत्रकात ‘६ ते १५ वयोगट’ असं लिहिलेलं असतं. एवढं अंतर एका गोलात चालत नाही. सहा ते नऊ, दहा ते तेरा आणि चौदाच्या पुढचे असे तीन गट हवेत, आणि तिन्ही घेणं जमणार नसेल तर मधला घ्यावा. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येतात, हे वीटभट्टीवरच्या मुलांबरोबर काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. तिथेही तेच. त्यांना परत पाठवलं तर मुलगीही जाते. कोपऱ्यात एक सतरंजी, खडू आणि जुनी वर्तमानपत्रं एवढी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती भाषेपाशी. दुभाषा मिळाला की माणूस निर्धास्त होतो आणि मोठमोठी वाक्यं बोलायला लागतो. तो ती आणखी मोठी करून सांगतो. मुलं आपल्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघतात, खेळाचा वेग मरतो, आणि पंधरा मिनिटांत मागची रांग एकमेकांना चिमटे काढायला लागते. उपाय असा: सूचना तीन शब्दांपेक्षा लांब नको, आधी करून दाखवायचं, मग एका मुलाकडून करून घ्यायचं, मग सगळ्यांनी. दुभाष्याला उभं करायचं ते आपल्या शेजारी नाही, गोलात, मुलांमध्ये. तोही खेळला पाहिजे. त्याला आदल्या संध्याकाळी अर्धा तास बसवून उद्याचे खेळ खेळून दाखवायचे. हा अर्धा तास वाचवणाऱ्याचा दुसऱ्या दिवशी दीड तास जातो.

शिवाय वीसेक शब्द स्वतःचे पाठ हवेतच. थांब, पुन्हा, हळू, गोल, बघ, ऐक, बस, ऊठ, जोडी, छान. नेपाळीत पर्ख, फेरि, बिस्तारै, गोलो, हेर, सुन. स्वाहिलीत सिमामा, तेना, पोलेपोले, दुआरा, आंगालिया, सिकिलिझा. उच्चार चुकला तर मुलं हसतात आणि बरोबर करून सांगतात. तिथपासून ती आपली मास्तर होतात, हा फायदाच. नेपाळमध्ये, विशेषतः काठमांडूत आणि तराईत, बऱ्याच मुलांना हिंदी कळतं, म्हणून सगळं शिबिर हिंदीत उरकायचा मोह होतो. तो टाळावा. सूचना हिंदीत चालतील, पण मुलांनी रचलेलं नाटक त्यांच्या घरच्या बोलीतच हवं. ती बोली नेपाळी असेल, मैथिली असेल, तामाङ असेल. श्रीलंकेत आधी विचारून घ्यावं की शाळा सिंहली माध्यमाची की तमिळ. एका भाषेचे वीस शब्द पाठ करून दुसऱ्या भाषेच्या शाळेत जाऊन उभं राहणं फार केविलवाणं दिसतं.

भाषा नसताना नाटक शिकवता येतं का, ही शंका नवी नाही. नाट्यखेळांची जी पद्धत आज जगभर वापरतात, तिची बरीच बांधणी व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना केली. घरात वेगवेगळ्या भाषा बोलणारी ती मुलं होती. आरसा, अदृश्य चेंडू, ‘मी कुठे आहे ते ओळखा’ हे खेळ त्यामुळेच शब्दांवाचून चालतात. आपल्याकडचं ‘मामाचं पत्र हरवलं’ घ्या. गोल, रुमाल, पाठीमागून धावणं, समजावून सांगायला एक मिनिट लागत नाही. विष-अमृत तर त्याहून सोपं. पण पहिल्या दिवशी आपले खेळ शिकवण्याआधी त्यांचे दोन खेळ शिकून घ्यावेत. रुमालाचा गोल खेळ या ना त्या रूपात पुष्कळ ठिकाणी असतो. मुलांनी तो शिकवला, आपण हरलो, की अर्धं काम झालं. ‘शिवाजी म्हणतो’ नेताना मात्र म्हणणारं नाव तिथलं घ्या. शाळेतल्या लाडक्या बाईंचं घेतलं तर बहार येते, मुख्याध्यापकांचं घेऊ नये.

काही खेळ घरीच ठेवून जावेत. डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, हा ‘विश्वासाचा खेळ’ शिबिरांत फार लोकप्रिय आहे. जमीन दगडी असते, मुलं नवी असतात, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींनी एकमेकांना धरणं घरच्यांना चालेल की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं. एक डोकं आपटलं की शिबिर संपलं. हात धरायचे खेळ ओढणीच्या दोन टोकांनी खेळता येतात. डोळ्यांवर पट्टी बांधायचे खेळ दुसऱ्या आठवड्यानंतर, आणि नको म्हणणाऱ्याला सक्ती नाही.

त्याहून धोक्याचं म्हणजे ‘तुझ्या आयुष्यातला दुःखाचा प्रसंग करून दाखव’. पुण्या-मुंबईच्या अभिनय कार्यशाळांतून ही सवय आपल्याकडे आली आहे. मार खाल्लेलं, घर सुटलेलं मूल तो प्रसंग करून दाखवेलही. त्यानंतर त्याला सावरायला तिथे कोण आहे? गोष्टीला अंतर हवं. प्राणी, राक्षस, राजा, बोलणारी विहीर, काहीही चालेल. मुलं त्यातूनच हवं ते बोलतात आणि हवं तेव्हा मागेही फिरू शकतात. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांचं फोरम थिएटर, ज्यात प्रेक्षक उठून पात्राची जागा घेतो आणि प्रसंगाचा शेवट बदलून बघतो, हे मोठं जबरदस्त हत्यार आहे. बंगालमध्ये जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून त्यावर काम करते आहे, पण ती माणसं तिथेच राहतात. आपण विमानानं परत येणार. घरातल्या मारहाणीवर मुलानं भर वस्तीत प्रसंग केला, तर रात्री त्याच घरी त्यालाच जायचं असतं. म्हणून फोरम चौदाच्या पुढच्यांसाठी, आणि स्थानिक शिक्षक त्यात पुरता मुरलेला असेल तरच. नाही तर पुतळे आणि समूहचित्रांवर थांबावं, त्यात काही कमीपणा नाही.

कोल्हापूरच्या नाटकवाल्याला एक अडचण खास आपली अशी येते. इथली तयारी राज्य नाट्य स्पर्धेच्या अंगानं झालेली असते: संहिता, नेपथ्य, प्रकाशयोजना, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. बालनाट्यही त्याच साच्यात बसतं. तिथे यातलं काहीच उपयोगी पडत नाही. १९१५ साली उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं, त्यानंतर रंगमंचाविना काम म्हणजे काय हे इथे कुणाला शिकवायची गरज उरलेली नाही. पण मोकळ्या अंगणात पंचवीस मुलं सांभाळणं ही त्याहून वेगळी कला आहे. म्हणून पासपोर्ट काढण्याआधी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीच्या बाजूला, परप्रांतीय कामगारांची मुलं जिथे आहेत अशा एखाद्या शाळेत किंवा वस्तीत, मुख्याध्यापकांची किंवा तिथे काम करणाऱ्या संस्थेची रीतसर परवानगी घेऊन, सलग आठ रविवार सत्रं घ्यावीत. मराठी बोलायचं नाही, हा नियम. वीटभट्टीवरच्या कन्नड बोलणाऱ्या मुलांबरोबरही हेच करता येतं. आठव्या रविवारी पहिल्या रविवारइतकीच मुलं आली, तर माणूस परदेशी जायला तयार. निम्मी गळाली, तर शुल्क वाचलं. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी सुरू केलेला ‘वंचितांचा रंगमंच’ कसा चालला तेही समजून घ्यावं. वस्तीतली मुलं स्वतःचे विषय स्वतः मांडतात आणि पुन्हा पुन्हा तिथे येतात, ही त्याची खरी ताकद. पॅकेजात नेमकं हेच ‘पुन्हा’ नसतं, म्हणून स्थानिक शिक्षकावर आम्ही एवढा भर देतो आहोत.

साहित्य थोडकं न्यावं आणि ते तिथेच सोडून यावं. महाद्वार रोडवरून एकरंगी सुती ओढण्या दहा, अडीच मीटरच्या. नदी, पदर, साप, वारा, भिंत, सगळं त्यात होतं. मास्किंग टेप चार गुंडाळ्या, कारण मोकळ्या जागेत रंगमंचाची हद्द आखल्याशिवाय मुलं एका जागी राहत नाहीत. मातीच्या अंगणात टेप चिकटत नाही, तिथे तीस मीटर सुतळी लागते. अर्ध्या मुखवट्यांसाठी बावीस बाय अठ्ठावीस इंची कार्डशीट तीन. नऊ बाय पाच इंचांचा मुखवटा धरला तर एका शीटमध्ये बारा निघतात, पंचवीस मुलांना पुरून अकरा उरतात, आणि तेवढे फाटतातच. दर मुखवट्याला पस्तीस सेंटिमीटर इलॅस्टिक, म्हणजे दहा मीटरचं बंडल पुरतं. कात्र्या बोथट टोकाच्या, आणि त्या चेक-इन सामानात. थांबवण्यासाठी एक वाद्य हवं. हलगी न्यायचा मोह कोल्हापूरकराला होणारच, पण कातडी वाद्यांवर काही देशांत कस्टममध्ये प्रश्न विचारतात, तेव्हा प्लास्टिकच्या पानाची डफली बरी. चॉकलेटं, पेनं, खेळणी नेऊ नयेत. वाटपाला सुरुवात झाली की गोल मोडतो आणि रांग लागते.

महिन्याची निवड बहुतेक जण चुकवतात. आपल्याकडे नाटकवाल्याला सवड एप्रिल-मेमध्ये किंवा दिवाळीत. दिवाळीत नेपाळला जाण्यात अर्थ नाही, दशैं आणि तिहार, म्हणजे तिथले दसरा आणि दिवाळी, मागोमाग येतात आणि शाळा बंद असतात. मे चालेल, आठवड्याची सुट्टी शनिवारी असते हे धरून सत्रं आखावीत. जून ते सप्टेंबर पावसाळा, आणि पत्र्याच्या छपराखाली पाऊस सुरू झाला की शेजारच्याचा आवाजही ऐकू येत नाही, अशा दिवसांसाठी निःशब्द खेळांची एक वेगळी यादी खिशात ठेवावी. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि एप्रिल, ऑगस्ट व वर्षाअखेर सुट्ट्या येतात. मार्च ते मे तिथला मोठा पाऊस. म्हणजे मेमध्ये गेलं तर शाळा भरते पण अंगणात चिखल. एप्रिलमध्ये गेलं तर मुलंच नाहीत. संस्था या तारखा आपणहून सांगत नाही, तिला खाट भरायची असते.

कागदपत्रांत नेपाळ सोपं: भारतीयांना व्हिसा नाही, पण विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्डावर बहुतेकांना विमानात बसता येत नाही. पासपोर्ट नसेल तर कोल्हापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात काम होतं, छत्तीस पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये. पासपोर्टच्याच पोर्टलवरून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, काढावं, शुल्क ५०० रुपये. मुलांमध्ये काम करायला येणाऱ्याकडे जी संस्था हे प्रमाणपत्र मागत नाही, तिच्याकडे जाऊ नये. ती आपल्याला मागत नाही म्हणजे कुणालाच मागत नाही. केनियात जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन पूर्वपरवानगी आहे. टांझानियात स्वयंसेवेसाठी पर्यटक व्हिसा चालत नाही, वेगळी परवानगी लागते. ‘पर्यटक म्हणून या, कुणी विचारत नाही’ असं समन्वयक म्हणाला, तर पकडलं गेल्यावर दंड आपल्याला होतो, त्याला नाही.

लसींचं डॉक्टरांना विचारावं, पण केनिया, युगांडा, घाना इथे जायचं तर पीतज्वराची लस टाळता येत नाही. ती ठरावीक केंद्रांतच मिळते, प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतताना भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

फोटोंबद्दल संस्थेचं लेखी धोरण मागावं. आपल्याकडे बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही; तिथला कायदा काहीही असो, हीच रेघ धरावी. ओढण्या, हात, पाठमोरे गोल यांचे फोटो पुरतात. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, सत्रात नेहमी दोन मोठी माणसं, हा नियम संस्थेनं सांगितला नाही तरी आपण पाळायचा.

राहता राहिला पैशांचा व्यवहार. शुल्क भारतातल्या एजंटाकडे भरलं आणि त्यात प्रवास व राहणं एकत्र असलं, तर ते परदेशी सहलीचं पॅकेज धरून त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच गोळा करायचा आयकर, लागतो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पावती जपावी. विमा घेताना ‘स्वयंसेवा’ हा शब्द पॉलिसीत आहे का ते बघावं, नुसत्या पर्यटन विम्यात काम करताना झालेली दुखापत वगळलेली असू शकते. नोंदणी शुल्क परत मिळत नाही, हे बहुतेक करारांत असतंच आणि ते मान्य करावं. पण संस्थेनं शाळा बदलली, गटच जमला नाही किंवा शाळेऐवजी अनाथाश्रमात पाठवलं, तर उरलेल्या आठवड्यांचे पैसे परत मिळतील, हे वाक्य करारात घालून घ्यावं. पैसे दोन हप्त्यांत द्यावेत: पहिला नोंदणीला, दुसरा शाळेचं नाव, गटाची यादी आणि सोबतच्या शिक्षकाचं नाव लेखी हातात आल्यावर.